ज्याच्या हाती गुण, त्याच्या कानी गुपित?

शाळेत समुपदेशक नेमावा असा विषय संस्थेच्या सभेत निघाला की विरोध करणारे सगळेच दुष्ट नसतात, हे आधी मान्य करू. खजिनदार वहीकडे बघत विचारतात, "पगार कोण देणार?" निवृत्तीला टेकलेल्या बाई म्हणतात, "आम्ही जन्मभर मुलांचं ऐकतच आलो, आता वेगळा माणूस कशाला?" माजी विद्यार्थी म्हणून आलेले लालबागचे काका छड्यांच्या आठवणी काढतात आणि विचारतात, "आमचं काय बिघडलं?" शिवाय कुणीतरी हे अमेरिकेतलं खूळ असल्याचं सांगतो, आंतरराष्ट्रीय शाळांना ते शोभतं, गिरगावच्या मराठी शाळेला नाही. चारही आक्षेपांना उत्तर आहे, पण चौघांना सारखा वेळ देण्याचे कारण नाही. यातला एकच खरा चिवट आहे, आणि तो बाईंचा.

खुळाचा निकाल लवकर लागतो. नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ते पहिले रूप. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, या संस्थेने 'चाइल्ड गायडन्स क्लिनिक' उघडले आणि तसे ते देशातले पहिले होते. मग १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र आले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे, आणि १९५० मध्ये खुद्द मुंबई सरकारचे. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची व्यवस्था हवी असे सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात किमान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला. ज्याला आपण कालचे विलायती फॅड म्हणतो ते गिरणी संपाहून पंचेचाळीस वर्षांनी जुने आहे आणि लालबागहून ट्रामने जाता येई इतक्या अंतरावर जन्मले आहे. आपण ते आणले, वापरून पाहिले आणि बहुसंख्य शाळांच्या दारात पोहोचवायचे विसरलो.

लालबागच्या काकांचा आक्षेप अधिक मायेचा आहे, म्हणून त्याला उत्तरही सांभाळून द्यावे लागते. चाळीत एखादे पोर जिन्यात रडत बसले तर तीन दारांतून विचारणा होई. बाप तिसऱ्या पाळीला आणि आई आजारी, तर शेजारची मावशी ताट वाढून आणी. हे सगळे खरे आहे. पण चाळीला डोळे होते तसे कानही होते. सामाईक गॅलरीत सकाळी बोललेले संध्याकाळपर्यंत नळावर पोहोचे. नववीतल्या मुलीला जे सांगायचे आहे ते सांगायला त्या खोलीत कोपरा नव्हता, आणि त्रास देणारा शेजारचा मानलेला मामाच असला तर सांगायला माणूसही नव्हता. चाळीने भूक ओळखली, ताप ओळखला. ही गोष्ट ओळखूनही झाकली, कारण प्रश्न अब्रूचा होता. तेव्हा चाळ हा समुपदेशकाला पर्याय होता हे म्हणणे अर्धेच खरे. आणि ते अर्धेही आता उरलेले नाही. चाळी पडल्या, टॉवर उठले, बीडीडीतली कुटुंबे संक्रमण शिबिरांतून फिरली, आणि दादर-गिरगावच्या शाळेत नाव टिकवलेली मुले डोंबिवली-विरारहून लोकलने येऊ लागली. त्यांच्यासाठी तीन दारे उघडणार कुठली?

"आमचं काय बिघडलं?" हा प्रश्न मात्र विचारणाऱ्याने जरा मागे वळून विचारावा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येतात ते टिकलेले. संपाच्या वर्षांत ज्यांनी शाळा सोडून कॅन्टीनची किटली धरली किंवा गल्लीतल्या दादाची सावली धरली, त्यांना मेळाव्याचे आमंत्रण जात नाही. छड्यांनी काय बिघडवले याची साक्ष त्यांच्याकडे आहे, आणि ती कुणी नोंदवलेली नाही. बाकी कायद्यापुरते बोलायचे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. छडी हा आता आठवणीचा विषय असू शकतो, धोरणाचा नाही.

आता बाईंचा आक्षेप. 'प्रत्येक शिक्षक हाच समुपदेशक' हे वाक्य प्रशिक्षणांत, परिपत्रकांत, शिक्षक दिनाच्या भाषणांत इतक्यांदा ऐकू येते की त्याला सुविचाराच्या फळ्यावर कायमची जागा मिळायला हरकत नाही. त्यातला खरेपणा मी नाकारत नाही. कुणाचा डबा चार दिवस आला नाही, कोण एकाएकी मागच्या बाकावर सरकले, कुणाचे अक्षर बिघडले, हे आधी वर्गशिक्षिकेलाच दिसते. अशा बाई नसतील तर समुपदेशक आपल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसेल. पण दिसणे वेगळे आणि ऐकणे वेगळे.

कारण साधे आहे. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण ज्यांच्या हाती, प्रगतिपुस्तकावर शेरा ज्यांचा, पालकसभेत आईसमोर बोलणार ज्या, त्यांना मुलाने सांगायचे की मी पेपरात कॉपी केली, मला बाबांची भीती वाटते, मला त्या मुलाबद्दल असे काही वाटते जे मला स्वतःलाच कळत नाही? सांगणार नाही, आणि त्याचे शहाणपण त्यात आहे. बाई कितीही प्रेमळ असोत, मूल्यमापन करणे हे त्यांचे काम आहे, आणि मूल्यमापन करणाऱ्यापुढे प्रत्येक जण सावरून बसतो. शिवाय तक्रार दुसऱ्या एखाद्या सरांविषयी असेल तर? शिक्षकखोलीत ते सर शेजारच्याच खुर्चीत असतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, यूडायसची माहिती भरणे, मतदारयादीचे काम, या गोष्टी मी मुद्दाम शेवटी घेतो. उद्या सरकारने हा सगळा भार काढून घेतला तरी मूळ अडचण तशीच राहील. वेळ नाही म्हणून बाई समुपदेशक होऊ शकत नाहीत असे नाही. त्या शिक्षिका आहेत म्हणून होऊ शकत नाहीत. यात त्यांचा अपमान नाही. परीक्षकाने वकीलपत्र घेऊ नये एवढेच म्हणणे आहे.

हा भेद न समजल्याने आपण काय करतो ते पाहा. जानेवारी २०१० मध्ये मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या पाठोपाठ आल्या. त्यांतली एक दादरच्या शाळेतली होती. 'थ्री इडियट्स' नुकताच झळकला होता, 'शिक्षणाच्या आयचा घो' त्याच महिन्यात आला, आणि महिनाभर सारे शहर चित्रपटांना दोष द्यायचा की पालकांना यावर वाद घालत बसले. शाळेच्या आत मुलाचे ऐकायला कोण आहे, हा प्रश्न वादाबाहेर राहिला. आजही दहावी-बारावीची परीक्षा आली की राज्य मंडळ समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक जाहीर करते. क्रमांक असावेत, त्याने कुणाचे नुकसान नाही. पण हिंदमाताला पाणी तुंबल्यावर पंप लावणे आणि वर्षभर गटारे साफ ठेवणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे उद्धृत केले आहेत. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. परीक्षेतले अपयश हे थेट कारण नोंदलेले मृत्यू २,२४८. म्हणजे साधारण सहावा हिस्सा. उरलेल्यांची कारणे जून ते जानेवारी, घरात, नात्यांत, वर्गात, मोबाइलमध्ये पिकत होती, आणि तेव्हा कुठलाच क्रमांक छापलेला नव्हता.

विरोधकांशी भांडून झाले. आता थोडे आपल्याच बाजूच्या लोकांशी. समुपदेशक नेमला की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी काही शाळांत त्याचे काय होते ते जवळून पाहावे. माहितीपुस्तिकेत फोटो असतो. दारावर पाटी असते, आणि ते दार नेमके मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर असते. गैरहजर शिक्षकाच्या तासाला समुपदेशकालाच वर्गावर पाठवतात. वर्गात गोंधळ घालणारा मुलगा 'जरा समजावा याला' म्हणून धाडला जातो, परत आला की विचारतात, "काय म्हणाला?" सगळ्यांत वाईट काम नववीच्या निकालानंतरचे. दहावीचा शंभर टक्के निकाल टिकवायचा म्हणून कच्च्या मुलाने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावे, हे पालकांच्या गळी उतरवायला समुपदेशकाला बसवतात. अशा समुपदेशकापेक्षा रिकामी खोली बरी. मुलांना एकदा कळले की तिथे बोललेले वर पोहोचते, तर पुढची दहा वर्षे तिकडे कुणी फिरकत नाही.

मग त्याचे खरे काम काय? एक उदाहरण पुरे आहे, कारण ते या भागातले आहे. सहावीतला मुलगा तोंडी उत्तरे फाडफाड देतो, लिहायला बसला की अक्षरे उलटीपालटी. वर्षानुवर्षे त्याच्या वहीवर 'आळशी' हा शेरा पडतो. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या आहेत. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गरजेप्रमाणे लेखनिक. प्रमाणपत्रासाठी तपासणी केईएममध्ये होते, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही होते. परळच्या शाळेतून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण त्या अंतरात शाळेचा अहवाल, कान-डोळ्यांची तपासणी, बुद्ध्यंक चाचणी, पुढच्या पुढच्या तारखा आणि प्रत्येक तारखेला आईचा बुडणारा रोज आहे. हे सगळे जोडणारा माणूस नसेल तर सवलत कागदावर राहते आणि मुलगा सतरा नंबरच्या रांगेत. समुपदेशक म्हणजे केवळ गोड बोलणारा माणूस, असा समज असलेल्यांनी ही फाइल एकदा हातात धरून पाहावी.

गुप्ततेवर पालक हटकून अडतात. आमच्याच मुलाचे आमच्यापासून लपवणार? उत्तर असे की बरेचसे लपवावे लागेल, आणि नेमके काय लपवता येणार नाही ते पहिल्याच दिवशी मुलाला सांगावे लागेल. जिवाला धोका असेल तर पालकांना कळवायचे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ कुणालाच गप्प बसू देत नाही. पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून घरातल्या घरात मिटवण्याची सवय ज्या व्यवस्थापनांना आहे, त्यांना हा समुपदेशक गैरसोयीचा वाटणार. तो गैरसोयीचा असलाच पाहिजे.

राहता राहिले खजिनदार. त्यांची अडचण खोटी नाही. विनाअनुदानित शाळा फीमधून पद काढते. अनुदानित शाळेची शिक्षकसंख्या संचमान्यतेने ठरते आणि त्यात समुपदेशकाला स्थान नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभराहून जास्त मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत, समुपदेशक नाही. परिणाम असा की एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांपैकी जिथे पालक पैसे मोजतात तिथे ऐकणारा माणूस आहे आणि जिथे आई धुणीभांडी करते तिथे नाही. 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणणाऱ्यांनीच ते श्रीमंतांपुरते ठेवले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे सांगितले आहे, आणि कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. तेव्हा 'नेमावा की नाही' ही चर्चा संपली; 'पगार कोणाच्या खात्यातून' एवढीच उरली. माझे मत असे की तो शाळेच्या खात्यातून जाऊच नये. गिरगाव डी वॉर्डात, परळ-लालबाग एफ दक्षिणमध्ये, पश्चिम दादर जी उत्तरमध्ये येते. अशा प्रत्येक वॉर्डासाठी समुपदेशकांचा एक संच करावा, त्याचा खर्च शासन आणि महापालिकेने उचलावा, अनुदानित आणि पालिकेच्या शाळा त्याला जोडाव्यात. मराठी शाळांतली पटसंख्या घटली आहे आणि या भागात शाळा एकमेकींना खेटून आहेत. पट शंभराच्या खाली गेला असेल तर एका माणसाने शेजारच्या दोन शाळा सांभाळणे जमू शकते, दहा मात्र नाही. कोठारींचा तो आकडा फिरत्या मार्गदर्शनासाठी किमान म्हणून होता, रोजच्या ऐकण्यासाठी नव्हे. पगार बाहेरून आला की त्याचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापक लिहिणार नाहीत, आणि सतरा नंबरच्या फॉर्मसाठी त्याला बसवणे जरा अवघड होईल.

खजिनदारांचा शेवटचा प्रश्न मला ठाऊक आहे: एवढे करून मुले आलीच नाहीत तर? पहिले काही महिने नाहीच येणार. एखादा अकरावीला कॉमर्स घेऊ की आयटीआय विचारायला येईल, उत्तर आधीच माहीत असताना. दुसऱ्या खेपेला मित्राची म्हणून अडचण सांगेल. समुपदेशकाने मित्राचे नाव विचारू नये, आणि त्या अर्ध्या तासात त्याला कुणी बदली तासावर पाठवू नये.