गाण्याला नाही, दुखण्याला लाज!

लग्नसराईत आपल्याकडे मांडवात हळदीच्या रात्री काय वाजते, हे मी सांगायला नको. डी.जे.वर गाणी लागतात, त्यांत कमरेचे, चोळीचे, रात्रीचे उघड उल्लेख असतात. आजोबा खुर्चीवर बसलेले असतात, सुना-लेकी नाचतात, सात-आठ वर्षांची पोरेही तेच हातवारे करतात. कोणी खाली मान घालत नाही.

त्याच घरातली पस्तिशीची सून चार दिवसांनी दवाखान्यात येते. "डॉक्टरसाहेब, कंबर लई दुखायली बघा," एवढेच म्हणते. गोळ्या मागते. दोन-चार प्रश्न विचारले की नजर जमिनीकडे. सोबतच्या सासूबाईंना जरा बाहेर बसवून पुन्हा विचारावे, तेव्हा कळते की पाच महिन्यांपासून अंगावरून पांढरे जाते, वास येतो, खाज आहे. "एवढे दिवस का अंगावर काढले?" तर उत्तर एकच : "लाज वाटली."

वाचक हो, हा प्रसंग एका बाईचा नाही. माझ्या दवाखान्यात तो वारंवार घडतो. म्हणून प्रश्न पडतो, आपली लाज नेमकी राहते कुठे?

उत्तान गाण्यांवरचा वाद नवा नाही. पेशवाईतल्या शृंगारिक लावण्या आज आपण वाङ्मय म्हणून अभ्यासतो. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने १९७१ साली चित्रपटगृहे भरली. त्यांच्या द्व्यर्थी विनोदावर टीका झाली, पण हशाही पिकला. १९९३ साली 'खलनायक' चित्रपटातल्या चोळीच्या गाण्यावरून तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. ज्या घरांत त्या गाण्याला शिव्या पडत, त्याच घरांत त्याची कॅसेटही वाजे. आता ते काम हातातला मोबाइल करतो.

गाण्यांवर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदीने गाणे थांबत नाही. मात्र एक तक्रार जरूर आहे. अनेक गाण्यांत मुलगी 'नाही' म्हणते ते नखरा म्हणून, आणि मागे लागणारा मुलगा शूर ठरतो. हे ऐकत वाढलेल्या मुलाला नकाराचा खरा अर्थ कोण सांगणार? शाळेत सांगावे, तर २००७ साली महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींच्या विरोधामुळे लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवण्यात आला होता. म्हणजे मांडवात चालते, ते वर्गात शास्त्रीय भाषेत सांगितले की संस्कृती बुडते!

या दुटप्पीपणाची किंमत याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मोजली. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक लैंगिक शंका विचारीत आणि ते सरळ उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यात गुन्हा कसला, असा त्यांचा रोख होता. तरीही कर्व्यांना दंड झालाच. १९५३ साली ते गेले. त्यांना येत होते तसलेच प्रश्न आजही माझ्यासमोर येतात, फक्त कुजबुजत.

या कुजबुजीचा फायदा भोंदू घेतात. झोपेत वीर्य जाणे ही वयात आलेल्या मुलांत अगदी स्वाभाविक गोष्ट आहे. त्याने शरीर झिजत नाही. पण बापाला विचारायची सोय नाही, म्हणून पोरगा 'गुप्तरोग तज्ज्ञा'ची भिंतीवरची जाहिरात वाचतो आणि सोयाबीनचे पैसे पुड्यांत घालवून येतो.

बायकांच्या बाबतीत किंमत याहून मोठी आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडे पातळ, पांढरे जाणे नैसर्गिक असते. त्याने हाडे झिजत नाहीत. पण दुर्गंधी, खाज, पिवळा-हिरवा रंग, संबंधानंतर रक्त जाणे किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी हवीच. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. सुरुवातीला सापडला तर बहुधा बरा होतो. तिशीनंतर त्याची साधी तपासणी करता येते आणि ९ ते १४ या वयात मुलींना त्याची प्रतिबंधक लसही देता येते. लाजेपायी उशिरा आलेल्या बाईला मोठ्या शहराची चिठ्ठी लिहून देताना हात जड होतो. स्तनातल्या गाठीचेही असेच. ती दुखत नाही म्हणून दाखवली जात नाही, आणि सुरुवातीला न दुखणे हाच तिचा दगा असतो.

लाज वाईट नाही. दुसऱ्याच्या लेकीची छेड काढताना, लहान पोरीला तसल्या गाण्यावर नाचवून टाळ्या पिटताना ती जरूर वाटावी. आपल्या शरीराचे दुखणे सांगताना मात्र वाटू नये.

म्हणून एवढेच करा. मुलीला पहिली पाळी येण्याआधी आईने ती काय असते ते सांगावे. वडिलांनी मुलाशी एकदा मोकळेपणी बोलावे. सासूबाईंनी सुनेला तपासणीला स्वतः घेऊन यावे आणि ती डॉक्टरांशी बोलत असताना थोडा वेळ बाहेर बसावे. पुरुष डॉक्टरांशी बोलणे जड जात असेल तर गावातल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगावे. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गावभर होत नाही.

हळदीला गाणी खुशाल वाजवा, आवाज जरा बेताचा ठेवा. आणि त्या रात्री घरातली एखादी बाई कंबर धरून कोपऱ्यात बसलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी तिला विचारा, नेमके काय दुखते?