विश्लेषण : पडद्यावरचे दुःख कधी भिडते, कधी निसटते... शॉट आणि संकलनाचा नेमका परिणाम काय?

कापसाचा भाव, सोयाबीनवरची कीड, अतिवृष्टीने खरवडून गेलेली जमीन... आर्णी तालुक्यातील, किंबहुना साऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याचे दुःख गेल्या दोन दशकांत कॅमेऱ्याने अनेकदा टिपले. बातमीत, माहितीपटात, सिनेमात आणि आता रीलमध्येही. दुःख तेच असते. तरीही एक चित्रफीत पाहून अंगठा लगेच पुढे सरकतो, तर दुसरी अनेक दिवस डोक्यातून जात नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि दृश्य कुठे कापले, यावर हा फरक मोठ्या प्रमाणात ठरतो.

शॉटमुळे काय बदलते?

कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा अखंड तुकडा म्हणजे शॉट. लाँग शॉटमध्ये माणसाबरोबर त्याचा परिसरही दिसतो. क्लोजअपमध्ये फक्त चेहरा उरतो. कोरड्या शिवारात उभा असलेला शेतकरी लाँग शॉटमध्ये परिस्थितीपुढे एकटा वाटतो. तोच क्लोजअपमध्ये आला, की त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार सुरू होतो.

संकलन म्हणजे फक्त काटछाट का नव्हे?

सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर आधी भूक आणि नंतर शोक दिसला. चेहरा तोच होता. अर्थ दोन शॉट जोडल्यामुळे तयार झाला.

मराठी चित्रपटांनी हे कसे वापरले?

सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातील शेतकरी कुटुंब आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका (सोनाली कुलकर्णी) धास्तावते. नवरा किस्नावर (गिरीश कुलकर्णी) नजर ठेवण्यासाठी ती मुलाला त्याच्या मागे लावते. हळूहळू प्रेक्षकही अलकाच्याच नजरेने किस्नाकडे पाहू लागतो. तो जरा नजरेआड झाला तरी जीव खालीवर होतो. आत्महत्येच्या बातमीतील आकडा ही धास्ती पोहोचवू शकत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर असतो. नागपूरचे वीरा साथीदार यांनी साकारलेल्या लोकशाहिराचा खटला तारखांमागून तारखा पुढे सरकतो. शॉट लवकर कापला जात नाही. त्यामुळे न्यायालयातील ताटकळणे प्रेक्षकालाही सोसावे लागते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) सुरुवातीला स्लो मोशन आणि संगीताची उधळण आहे. शेवटी मात्र संगीत थांबते. प्रत्यक्ष हत्या दाखवलीच जात नाही. दिसतात ती लहान मुलाची रक्ताळलेली पावले. ‘फॅन्ड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तोवर मजा पाहणाऱ्या गर्दीवर चिडलेला प्रेक्षक अचानक त्याच गर्दीत उभा केला जातो.

मोबाइलवर काय हरवते?

मोठ्या पडद्यासाठी घेतलेल्या लाँग शॉटमधील माणूस मोबाइलवर काडीएवढा दिसतो. ‘सैराट’ची शांतता रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. दीडपट वेगाने पाहिलेल्या ‘कोर्ट’मधून ताटकळणेच निघून जाते. लहान स्क्रीनवर क्लोजअप आणि झटपट कट चालतात, म्हणून रीलही तशाच बनतात. झटपट कट वाईट असतात असे नाही. ‘झिंगाट’ची धमाल त्यांच्याशिवाय रंगली नसती. प्रश्न दुःखाचा येतो, तेव्हा मात्र अडचण होते.

मग धोका कोणता?

शेतकऱ्याच्या घरातील रडणाऱ्या बाईचा क्लोजअप, खाली करुण संगीत आणि तीस सेकंदांत शेवट, ही रीलची ठरलेली मांडणी झाली आहे. त्यात बँकेचा उंबरठा, सावकाराचे व्याज, बाजार समितीतील भाव, विम्याचा अर्ज यातले काहीच चौकटीत येत नाही. पाहणारा हळहळतो, पुढे पाठवतो आणि कारणापर्यंत पोहोचल्यासारखे त्याला वाटते. हळहळ खरी असली, तरी त्या बाईच्या वाट्याला प्रश्न सुटण्याच्या दृष्टीने काही येत नाही. उलट तिचे रडणे गावोगाव फिरते आणि त्यासाठी तिची परवानगी घेतली होती का, हेही कोणी विचारत नाही.

प्रेक्षकाने काय करावे?

शाळेत कवितेचे रसग्रहण शिकवले जाते. रोज तासन्‌तास डोळ्यांसमोर असणाऱ्या दृश्यांचे रसग्रहणही तिथेच शिकवायला हवे. तोवर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरेत : कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे? कट झाला त्याच्या आधी आणि नंतर काय घडले असेल? संगीत बंद केले, तर हेच वाटेल का? आणि ‘गाभ्रीचा पाऊस’सारखा चित्रपट पाहायचा तर मोबाइल बाजूला ठेवून, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत पाहावा.