शिवनेरीला मान मिळाला, जुन्नरचे काय?

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या १२ किल्ल्यांवर मान्यतेची मोहोर उमटविली. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातले, तर बारावा तामिळनाडूतील जिंजी. या यादीत शिवनेरी असणे स्वाभाविकच होते. १९ फेब्रुवारीला मुख्यमंत्र्यांसह हजारो शिवभक्त जेथे जन्मोत्सवासाठी जातात, तो गड यादीबाहेर राहता तर ओरड झाली असती. मात्र जल्लोषाचा भर ओसरल्यावर गडाखालच्या गावाच्या पदरात नेमके काय पडणार, हा प्रश्न उरतोच.

शिवनेरीचा इतिहास घोषणांना वाटतो तितका सरळ नाही. शिवाजी महाराजांचा जन्म येथे झाला खरा, पण त्यांच्या हयातीत हा गड स्वराज्यात कधीच आला नाही. निजामशाहीच्या पडझडीनंतर तो मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नरच्या पेठेवर छापा घालून घोडे व द्रव्य नेले. माथ्यावरचे ठाणे मात्र मोगलांच्याच हाती राहिले. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर येथे आला, तेव्हाही त्याचा यजमान मोगल अधिकारीच होता. गड मराठ्यांच्या ताब्यात आला तो शाहू महाराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. सात दरवाजांची चढण चढून शिवाई देवी आणि जन्मस्थानाचे दर्शन घेणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते? गडावर ते ठळकपणे सांगितले गेले, तर महाराजांच्या कर्तृत्वाला उणेपणा येण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी उपेक्षा याहून जुनी आहे. मराठा स्थापत्याच्या या नामांकनाचा काळ सतरावे ते एकोणिसावे शतक असा आहे. शिवनेरीचा डोंगर मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच कोरला गेला. कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल सातवाहन काळात जुन्नरच्या बाजारात उतरत असे. घाटातील नागनिका राणीचा लेख आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण त्या वैभवाची खूण आहे. त्या व्यापाऱ्यांच्या दानातून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांतली कित्येक शिवनेरीच्याच कड्यांत आहेत. साखळीच्या वाटेने चढणाऱ्यांना ती भेटतात. पण ही वाट अवघड आणि मोटार थेट पायऱ्यांपाशी जाते, त्यामुळे बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही.

आणि मोटार हेच जुन्नरचे खरे दुखणे आहे. पुण्या-मुंबईकडचा प्रवासी सकाळी येतो, दोन-तीन तासांत गड उरकतो आणि लेण्याद्री-ओझरच्या गणपतींकडे वळतो. गावात त्याची गाडी कोंडी करते. तो स्वतः क्वचितच उतरतो. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य शासनाने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, त्यामागे हे चित्र पालटण्याचाच हेतू असावा. दर्जावर दर्जा चढत गेला, मुक्काम काही वाढलेला दिसत नाही.

प्रशासनाचा गुंता वेगळाच. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, उतारावरचे जंगल वनखात्याकडे, रस्ते आणि वाहनतळ स्थानिक यंत्रणांकडे. गडावर मधमाश्यांनी पर्यटकांना घायाळ केल्याच्या घटना २०२५ मध्येही घडल्या. अशा वेळी जखमींना उतरवायचे कोणी आणि गर्दी आवरायची कोणी, हे एका टेबलावर ठरत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण हा कायदा पूर्वीपासूनच आहे. जागतिक वारशाबरोबर त्याभोवती संरक्षक पट्ट्याची शिस्तही येते. पन्हाळ्यावर वस्तीच गडावर असल्याने तेथील रहिवाशांनी नामांकनाच्या काळातच निर्बंधांची भीती बोलून दाखविली होती. जुन्नरकरांची घरे पायथ्याशी आहेत, एवढाच फरक. त्यांच्यासाठी या पट्ट्याचा नकाशा मराठीतून नगरपरिषदेच्या फलकावर लावण्यास फारसा निधी लागणार नाही, आणि साखळीच्या वाटेवरील लेण्यांपाशी माहितीची पाटी उभारण्यासही.