आमच्या रक्तातच आहे म्हणे!

गेल्या मे महिन्यात चार दिवस मिठबावला जाऊन आलो. हापूस, तांबळडेगची पुळण, गजबादेवीच्या देवळाखाली कातळावर आपटणाऱ्या लाटा, ऑफिसचा लॅपटॉप पुण्यातच... थोडक्यात, स्वर्ग! पण या वीकेंडचा लेख त्यावर नाही. तो आत्याच्या बोटांवर आहे.

आत्याला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मुठी वळत नाहीत. एकेकाळी खळ्यात बसून एकटीने नारळांची रास सोलणारी बाई आता चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. म्हटलं, "आत्या, पुण्याला चल, चांगल्या डॉक्टरला दाखवू."

"कित्याक रे झिला? आमच्या रक्तातच आसा ह्या. तुझ्या आजयेचे हातय असेच वाकडे झाले होते."

वर डब्यातून एक पुडी काढून दाखवली. पांढरी पूड, ना नाव, ना गाव. कोणीतरी देतो म्हणे. घेतली की दोन दिवसांत आराम.

या दोन्ही गोष्टींनी माझं डोकं फिरलं. परत आल्यावर बरंच वाचन केलं (शनिवार-रविवार, क्रिकेट बुडवून!). आता माझं ठाम मत आहे की 'रक्तातच आहे' आणि 'पुडीने आराम पडतो' ही दोन वाक्यं एकाच गैरसमजाची पोरं आहेत. जनुक असणं आणि जनुक चालू असणं यातला फरक आपल्याला कोणी शिकवलेलाच नाही.

आपल्या भाषेत सांगतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच सोर्स कोड असतो, प्रथिनं बनवणारी वीस हजारांच्या आसपास जनुकं. यकृत आणि मेंदू यांचा कोड वेगळा नाही, त्यातलं काय चालू आणि काय बंद ते वेगळं. सगळा कॉन्फिगचा खेळ.

आता एक कोरी टी-पेशी घ्या. कॅम्पसमधून नुकताच आलेला फ्रेशर म्हणा, अजून प्रोजेक्ट मिळालेला नाही. तिला टीजीएफ-बीटा नावाचा संदेश मिळाला तर फॉक्सपी३ हे जनुक जागं होतं आणि ती नियामक पेशी बनते, म्हणजे भांडणं मिटवणारी. पण त्याच संदेशाच्या जोडीला आयएल-६ आला (आणि सूज असली की तो येतोच), तर आरओआर-गॅमा-टी हे दुसरं जनुक चालू होतं आणि तीच पेशी टीएच-१७ बनते, भडका उडवणारी. तीच पेशी, तोच कोड! हे चित्र २००६च्या सुमारास स्पष्ट झालं. फॉक्सपी३ आणि नियामक पेशींच्या शोधाला तर २०२५चं नोबेल मिळालं, ब्रंकाउ, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना.

जाता जाता एक गंमत. २०१३ साली 'नेचर'मध्ये दोन निबंध आले: जास्त मीठ असलं की टीएच-१७ पेशी जास्त तयार होतात. प्रयोग मुख्यतः उंदरांवर आणि काचेच्या बशीत झालेले, त्यामुळे मिठबावकरांनी खारवलेला बांगडा लगेच सोडायचं कारण नाही. :-)

असो. मुद्दा रक्ताचा. एकसारख्या जुळ्यांचा कोड सारखाच असतो ना? मग एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला व्हायलाच हवा. प्रत्यक्षात तसं होतं ते फक्त १५ टक्क्यांच्या आसपास जोड्यांत. घराण्यामुळे धोका वाढतो, नाही म्हणत नाही. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. आणि हा काही फक्त आमच्याच घरावरचा शाप नाही. १९९६ साली भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा साधारण दर दोनशे प्रौढांत एकाला आमवात सापडला होता.

पेशीची वाट बदलता येते का, यावर काम झालंय तेही माझ्या ऑफिसपासून बाइकने वीस मिनिटांवर. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणींच्या गटाने २००३ साली दाखवलं की हाड पोखरणाऱ्या पेशी ज्यांपासून बनतात, त्यांना आयएल-३ दिलं की त्या तो रस्ता सोडून मॅक्रोफेज होतात. २०११ मध्ये त्याच गटाने संधिवात झालेल्या उंदरांना आयएल-३ दिलं, तर फॉक्सपी३वाल्या नियामक पेशी वाढल्या आणि सांध्यांची सूज उतरली. उंदरातलं माणसात उतरेलच असं नाही, हे मान्य. पण वाट पक्की ठरलेली नसते एवढं तर कळलं!

आता पुडी. ऑगस्टमध्ये आत्या एकदाची पुण्याला आली (आईने रडून बोलावलं, माझ्या लेक्चरने नव्हे). डॉक्टरांनी तिचा गोल झालेला चेहरा आणि वाढलेली साखर बघून विचारलं, "पुडी किती वर्षं घेताय?" त्यात स्टेरॉइड असणार, असा त्यांचा अंदाज. स्टेरॉइड पेशीत शिरतं, आपल्या रिसेप्टरला धरून केंद्रकात जातं आणि भडक्याची जनुकं गप्प करतं. म्हणून तर आराम पडतो! म्हणजे जिला 'रक्तातलं आहे, काही होणार नाही' असं वाटत होतं, ती बाई रोज सकाळी चहाबरोबर जनुकांची बटणंच फिरवत होती. पण तो रिसेप्टर जवळजवळ सगळ्याच पेशींत असतो, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. आणि एकदम बंदही करता येत नाही, कारण एव्हाना शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. वाईट औषध नाही ते. डॉक्टरही देतात, पण मोजून आणि डोळा ठेवून. नाव नसलेल्या पुडीत मोजणार कोण?

आता तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि त्याबरोबर ठरावीक रक्ततपासण्या आहेत. स्टेरॉइड हळूहळू उतरवतायत. सकाळचं आखडणं वीस मिनिटांवर आलंय. वाकलेली बोटं मात्र सरळ होणार नाहीत, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दहा वर्षं आधी आली असती तर...

गेल्या आठवड्यात आतेबहिणीचा फोन आला. वय चौतीस. "अरे, सकाळी माझीपण बोटं आखडतात हल्ली. आईचंच आलं वाटतं, काय करणार?" बोलता बोलता लॅपटॉप उघडला आणि सोमवारी अकराची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. सोमवारच्या स्टेटस मीटिंगला मी नाही.