कली निघून गेल्यानंतरचा पण

जुगारी नायकाचा मनोविश्लेषणात्मक चित्रपट समोर आला की आपली समीक्षा एक ठरीव वाक्य उच्चारते: नायक 'भूतकाळाने पछाडलेला' आहे. या वाक्याला माझा आक्षेप आहे. 'पछाडणे' या क्रियापदात कर्तेपण भुताकडे जाते. माणूस केवळ भोगणारा उरतो. अपराधाची कथा अशा रीतीने आघाताची कथा होते आणि समीक्षक नकळत आरोपीची वकिली करू लागतो.

पॉल श्रेडर यांचा 'द कार्ड काउंटर' (२०२१) या वाचनाला सरळ नकार देतो. त्याचा नायक विल्यम टेल हा अबू घ्रैबच्या तुरुंगात कैद्यांचा छळ करणारा सैनिक होता. शिक्षा भोगताना तो पत्ते मोजण्याची विद्या आत्मसात करतो. सुटकेनंतर तो एका कॅसिनोतून दुसऱ्यात फिरतो, बेताचे लावतो, बेताचे जिंकतो आणि मुक्कामाच्या खोलीतील सामान पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवतो. त्याला दुःस्वप्ने पडतात; परंतु ती सोसलेल्या नव्हे, केलेल्या छळाची आहेत. छळ शिकवणारा वरिष्ठ मोकळा राहिला, हेही तो स्वतःच्या निर्दोषत्वाचे प्रमाण मानीत नाही. 'आघात' ही संज्ञा नेमका हा भेद पुसून टाकते.

ही सवय आपण पश्चिमेकडून उसनी घेतली असे म्हणण्याची सोय नाही. नलकथेच्या आपल्या वाचनात ती पूर्वीपासून आहे. रघुनाथपंडितांमुळे मराठी वाचकाला नळ आठवतो तो हंस आणि स्वयंवर यांच्या संगतीत. वनपर्वातील द्यूतकार नळाचा विषय निघालाच, तर 'कली अंगात शिरला होता' एवढ्यावर तो मिटतो. नळही दमयंतीपाशी हाच बचाव मांडतो. संहिता मात्र याहून कठोर आहे. कलीचा संचार असताना पुष्कर दमयंतीला पणाला लावण्यास सुचवतो. नळ संतापतो, अंगावरचे अलंकार उतरवतो, परंतु तिला पणाला लावीत नाही. पुढे ऋतुपर्ण बेहड्याची पाने व फळे मोजून दाखवतो, अश्वविद्येच्या मोबदल्यात नळाला अक्षहृदय देतो आणि त्याच क्षणी कली नळाच्या शरीरातून बाहेर पडतो. यानंतर निषधात परतलेला, पूर्ण शुद्धीवर असलेला नळ पुष्कराला पुन्हा आव्हान देतो आणि या वेळी दमयंतीला स्वतःहून पणाला लावतो. ती त्या वेळी विदर्भात, माहेरी आहे.

पछाडलेल्या नळाने जे नाकारले ते मुक्त नळाने केले. अक्षविद्येमुळे विजय निश्चित होता, म्हणून या पणात काही गैर नाही, असा युक्तिवाद होऊ शकेल. त्याने जोखीम कमी होते. पत्नीचे वस्तुरूप होणे टळत नाही. कलीला नेणिवेचे प्रतीक मानले तरी अडचण सुटत नाही. नेणीव निवळल्यावर केलेल्या कृतीचा जबाब मग कोणाकडे मागायचा?

विदर्भात हा प्रश्न केवळ पाठचिकित्सेचा राहत नाही. वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. भोवती कापसाचा पट्टा. 'शेती म्हणजे पावसावरचा जुगार' हे रूपक या भागात सर्रास ऐकू येते आणि ग्रामीण साहित्यावर लिहिणारे आपण ते निःशंकपणे उचलतो. जुगाऱ्याला फड सोडून उठता येते, निदान न बसण्याची मुभा असते. कोरडवाहू शेतकऱ्याला बियाणे मातीत टाकण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याला निवड नाही त्याला आपण जुगारी म्हणतो आणि ज्याने निवड केली त्याला पछाडलेला. ही दोन रूपके एकाच समीक्षेत सुखाने नांदतात, कारण दोन्ही ठिकाणी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारला जात नाही.

नलोपाख्यान अभ्यासक्रमात शिकवताना स्वयंवरापाशी न थांबता त्या दुसऱ्या द्यूतापर्यंत गेले पाहिजे, आणि जुगाऱ्यावरच्या चित्रपटाविषयी लिहिताना त्याला काय झाले होते याआधी त्याने काय केले होते, हे विचारले पाहिजे.