पाच मिनिटांच्या वादळाचीही नोंद हवी

प्रति,
महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग, नवी दिल्ली

महोदय,


वेधशाळेची टिंगल करणे हा आम्हा पुणेकरांचा वडिलोपार्जित हक्क. आपल्या विभागाचे सिमला ऑफिस आमच्याच शिवाजीनगरात आहे ना! पण १९९९ साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली आणि २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात हा आकडा काही डझनांवर आला, हे पाहिले की टिंगल आवरती घ्यावी लागते. तेव्हा चक्रीवादळांबद्दल तक्रार नाही. त्याच बंगालच्या उपसागरालगत चैत्र-वैशाखात काही मिनिटांत गाव भुईसपाट करणाऱ्या टोर्नेडोबद्दल मात्र आहे.

टोर्नेडो म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण सर्वाधिक बळी घेणारा टोर्नेडो झाला बांगलादेशात, माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात, २६ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी. सुमारे तेराशे माणसे गेली. महिनोन् महिने पाऊस नव्हता, आणि लोकांनी पावसासाठी प्रार्थना करावी असे राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सांगितले होते! तिकडची घरे मातीची नाहीतर कुडाची, वर पन्हळी पत्रे. वारा आधी पत्रा उचलतो, मग तोच पत्रा माणसे कापत जातो.

सरहद्दीच्या अलीकडचा इतिहासही जुनाच आहे. ८ एप्रिल १८३८ रोजी कोलकात्याजवळ २१५ जण दगावले. त्या वादळात एक बारीकसा बांबू पाच फूट जाडीच्या भिंतीतून आरपार गेल्याची नोंद आहे. १७ मार्च १९७८ ला दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात २८ बळी. २४ मार्च १९९८ ला पश्चिम बंगालमधल्या दांतनला दीडशेच्या वर.

कारणे आपणास मी काय सांगावीत? समुद्रावरून आलेली दमट हवा खाली, छोटा नागपूरकडची कोरडी तप्त हवा तिच्यावर झाकणासारखी, आणि त्याहून वर पश्चिमेचे वेगवान वारे. झाकण उडाले की काळबैशाखीचे गडगडाटी वादळ उसळते; उंचीनुसार वारा झपाट्याने बदलत असेल तर एखादा ढग गरगरू लागतो. पावसाळा स्थिरावला की वरचे पश्चिमी वारे हिमालयापलीकडे सरकतात आणि हा धोका ओसरतो. म्हणजे महिने ठरलेले, पट्टाही ठरलेला.

गाव नेमके सांगा, असा हट्ट कोणी धरणार नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरच्या ढगाचा तळ रडारच्या किरणाखालीच राहतो. पण वादळ सरल्यावरची पाहणी तर हातात आहे! झाडे कोणत्या दिशेला पडली, पट्टा किती रुंद, कुठले खांब पिळवटले, यावरून टोर्नेडो की सरळ झोताचा वारा हे कळते. हवामानशास्त्रज्ञ फुजितांनी १९७१ साली टोर्नेडोच्या तीव्रतेचे आपले मापन नासधुशीवरूनच बसवले. पण मदतीची गाडी पोचते, लोक पत्रे गोळा करून पुन्हा छप्पर घालतात आणि पुरावा संपतो. बिचाऱ्यांनी थांबावे तरी का?

म्हणून विनंती अशी. घटनेनंतर दोन दिवसांत पाहणी पथक जावे, आणि १८३८ पासूनच्या नोंदी सर्वांना खुल्या अशा एकाच यादीत याव्यात, खात्रीच्या आणि संशयित वेगवेगळ्या दाखवून. ढाक्याच्या हवामान खात्यालाही त्यात घ्यावे. निदान येत्या मार्चआधी बंगाल-ओडिशाच्या जिल्हा कार्यालयांना पाहणीचा छापील नमुना गेला, तरी सुरुवात होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक पुणेकर