राशीवार टॅरोचा कौल: एक हरकत

एका साप्ताहिकात एका सुशिक्षित व बहुश्रुत गृहस्थांनी अलीकडे असे प्रतिपादन केले आहे की, बारा राशींसाठी दर आठवड्यास टॅरोचे बारा पत्ते ओढून त्यांवरून जो कौल छापला जातो, त्याची गणना भविष्यकथनात न करता व्यवहारोपयोगी मार्गदर्शनात करावी. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: रास माणसाचा मूळ स्वभाव सांगते, पत्ता त्या आठवड्याचा कल सांगतो, आणि दोहोंचा मेळ घातला की नोकरी सोडावी की धीर धरावा, पैसा गुंतवावा की हात आखडता घ्यावा, करारावर सही करावी की पुढचा सोमवार उजाडू द्यावा, याचा उलगडा होतो. पटेल त्याने घ्यावे, न पटेल त्याने सोडावे. सक्ती नाही, हानी नाही, आणि विरोध करणारे तेवढे हटवादी. हे वाचून मला राग आला, आणि तो लपविण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. वकिलीच्या व्यवसायात दस्तऐवज, मुदती आणि जबान्या यांच्या संगतीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला सहीची तारीख पत्त्यांवर सोपविण्याचा उपदेश निमूटपणे ऐकून घेणे शक्य नाही.

माझी पहिली आणि मुख्य हरकत अशी की, हा कौल कोणासाठी आहे हेच त्यात सांगितलेले नसते. ‘वृषभ राशीच्या व्यक्तींनी या आठवड्यात आर्थिक निर्णय पुढे ढकलावेत’ असे छापले जाते. पण वृषभ राशीची व्यक्ती म्हणजे कोण? उदाहरणासाठी अशा एका बाईंची कल्पना करा, ज्यांचा जन्म 5 एप्रिल रोजी, चैत्र शुद्ध पंचमीस, चंद्र रोहिणी नक्षत्राच्या दुसऱ्या चरणात असताना झाला. पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे सायन गणिताने, सूर्य 21 मार्चच्या सुमारास मेषेत जातो. तेव्हा या बाई मेष राशीच्या. आपल्या पंचांगांच्या निरयन गणिताने सूर्य मेषेत जातो 14 एप्रिलच्या सुमारास. तेव्हा त्याच बाई मीन राशीच्या. पण महाराष्ट्रात ‘तुमची रास कोणती’ असे विचारले असता कोणी सूर्याची रास सांगत नाही, चंद्राची सांगतो. त्या हिशेबाने त्या वृषभ राशीच्या, आणि हाच चंद्र सायन मानाने मोजला तर मिथुन राशीच्या. रोहिणीच्या दुसऱ्या चरणाचे अक्षर ‘वा’, म्हणून बारशाच्या दिवशी त्यांचे नाव वासंती ठेवले गेले. पुढे लग्नात सासरच्यांनी ते बदलून सुनंदा केले. जन्मपत्रिका हाताशी नसली की नावावरून रास पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ‘सू’ हे अक्षर शततारकेचे. म्हणून शेजारणींच्या लेखी सुनंदाबाई कुंभ राशीच्या. एकाच बाईंच्या नावावर येथे पाच राशी रुजू आहेत, आणि त्या पाचांना त्या आठवड्यात पाच निरनिराळे पत्ते निघाले आहेत. एक म्हणतो धाडस करा, दुसरा म्हणतो थांबा, तिसरा म्हणतो जुने संबंध तोडा, चौथा म्हणतो ते जपा, आणि पाचवा प्रवासाचा योग सांगतो. सुनंदाबाईंनी साठेखतावर सही करावी की करू नये? आमच्या प्रतिपक्षाने आपल्या लेखात या प्रश्नाला एक वाक्यही खर्ची घातलेले नाही, आणि ते घालणे त्यांना सोयीचेही नव्हते. कारण रास एकदा निश्चित केली की कौल खोटा ठरण्याची वाट मोकळी होते, आणि ती अनिश्चित ठेवली की वाचक आपल्याला भावेल ती ओळ स्वतःच शोधून घेतो.

केवळ जन्मतारखेवरून रास ठरविण्याची सवय तरी कोठून आली? 1930 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात राजकन्या मार्गारेटचा जन्म झाला, तेव्हा लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ या वृत्तपत्राने तिचे भविष्य छापले. ते लोकप्रिय झाले, आणि लाखो वाचकांना एकाच रकान्यात बसविण्यासाठी सूर्यराशीचा सोपा मार्ग पुढे रूढ झाला. ती वृत्तपत्राच्या छपाईची सोय होती. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. तिचे बारा भाग केले तर एकेका राशीच्या वाट्यास नव्वद लाखांहून अधिक माणसे येतात. एका पत्त्याने या सर्वांच्या नोकरीचा, कर्जाचा आणि विवाहाचा निकाल एका परिच्छेदात लावायचा, आणि वर त्याला व्यवहारी म्हणायचे!

आता पत्त्यांकडे वळू. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या ठिकाणच्या दरबारांत, खेळण्यासाठी तयार झाले. त्या खेळात भविष्याचा काही संबंध नव्हता. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ आहे असे जाहीर केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कोणालाही वाचता येत नव्हती, शांपोलियोंने तिचा उलगडा केला तो 1822 मध्ये. राशींशी या पत्त्यांचे जे लग्न आज लावले जाते, ते त्याहूनही अलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका गूढविद्येच्या मंडळाने बारा राशी बारा पत्त्यांना वाटून दिल्या: सम्राटाला मेष, रथाला कर्क, संन्याशाला कन्या, चंद्राला मीन. वाटप चालू असता अडचण आली. जुन्या फ्रेंच संचात आठवा पत्ता न्यायाचा व अकरावा सामर्थ्याचा होता. क्रमाने गेले तर तराजू धरलेल्या न्यायाच्या वाट्यास सिंह येई, आणि सिंहाचे चित्र असलेल्या सामर्थ्याच्या वाट्यास तूळ. तेव्हा या मंडळींनी काय केले? त्यांनी दोन्ही पत्त्यांची अदलाबदल केली. 1909 साली लंडनमध्ये आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ यांच्याकडून चित्रे काढवून जो संच प्रसिद्ध केला, आणि ज्याच्या प्रती आज आपल्या शहरांतही विकल्या जातात, त्यात हाच फेरफार कायम आहे. तलाठ्याच्या दप्तरात कोणी वारसांची नावे अशी खाडाखोड करून जुळवून घेतली असती, तर त्याच्यावर फौजदारी झाली असती; येथे त्याच खाडाखोडीला सनातन ज्ञान म्हणून मान दिला जातो.

बरे, टॅरोची स्वतःची रीत तरी या सदरांत पाळली जाते काय? त्या विद्येच्या जाणकारांच्या मते पृच्छक समोर हवा, त्याच्या मनात एक निश्चित प्रश्न हवा, आणि पुष्कळदा पत्ते पिसण्याचे कामही त्यानेच करावे लागते. वेट यांनी सांगितलेल्या दहा पत्त्यांच्या मांडणीत तर आधी पृच्छकाच्या वयावरून व रूपावरून त्याच्या प्रतिनिधीचा एक पत्ता निवडावा लागतो. राशीवार सदरात पृच्छक नाही, प्रश्न नाही, पिसणारा हात परक्याचा आणि प्रतिनिधी म्हणून नव्वद लाखांची झुंबड. म्हणजे टॅरोवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीही हे सदर नाकारले पाहिजे.

येथे मला आपल्याकडील जुन्या पंचांगवादाची आठवण होते. सायन खरे की निरयन, आणि निरयन मानले तर आरंभस्थान रेवतीच्या तारकेपासून धरावे की चित्रेवरून ठरवावे, या प्रश्नांवर महाराष्ट्रातील विद्वान पिढ्यान्‌पिढ्या भांडले. परिषदा भरल्या, खंडणे-मंडणे छापली गेली, आणि अधिक मास कोणता यावर एकमत न झाल्याने काही घरांत सण महिनाभर मागेपुढे झाले. त्या वादाची थट्टा करणे पुष्कळांना आवडते. मला तो आदरणीय वाटतो. त्यातील प्रत्येक पक्ष आपले गणित मांडून ठेवीत असे, वेध घेतल्यावर ग्रहण सांगितल्या घटकेस लागले की नाही हे गावातल्या पोरालाही आकाशाकडे पाहून समजत असे, आणि ज्याचे गणित चुकले त्याला ते सुधारावे लागे. राशीवार टॅरोच्या सदराने आजवर एकदा तरी मागील आठवड्याची चूक कबूल केल्याचे कोणाला आठवते काय?

बाकीच्या मुद्द्यांना फार शाई लागणार नाही. ‘मला अगदी तंतोतंत लागू पडले’ या अनुभवाची परीक्षा 1948 मध्येच झालेली आहे: बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून दिले, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेस पाचांपैकी सरासरी 4.26 गुण दिले. पत्ते आत्मपरीक्षणास प्रवृत्त करतात, असे म्हणाल तर आत्मपरीक्षण अवश्य करा. त्याला रास लागत नाही. आणि हानी नाही, हे तर साफ असत्य आहे. साठेखताची मुदत कौलासाठी थांबत नाही. इसार बुडाल्यावर दाद मागावी लागते ती न्यायालयात, आणि तेथे निघालेला पत्ता पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही.

मग मार्गदर्शन कशाला म्हणावे? माझे म्हणणे साधे आहे. ज्याच्यात ठिकाण, वेळ व विषय निश्चित असतो, ज्याचे कारण सांगता येते, आणि जे चुकले तर चुकले असे दाखविता येते, ते मार्गदर्शन. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरणी करू नये, असे कृषी विभाग दर खरिपात सांगतो. शेतकरी ते आपल्या शिवारात मोजून पाहू शकतो. खरेदीखत करून घेण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि इतर हक्कांतील बोजा पाहावा, आणि दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस हजर करावा, हे कायदा सांगतो. नोकरी सोडावयाची असेल तर घरात किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे तो कागदावर मांडावा, आणि त्या धंद्यातील दोन अनुभवी माणसांना विचारावे. यात गूढ काही नाही, याची मला जाणीव आहे. परंतु माणसाचे घर आणि शेत आजवर ज्याच्या आधाराने टिकले, ते हेच आहे.

आमच्या प्रतिपक्षाचा आपल्या सदरावर खरोखर विश्वास असेल, तर त्यांनी पुढील अंकापासून त्याच्या माथ्यावर तीन गोष्टी छापाव्यात: रास चंद्राची धरली की सूर्याची, गणित सायन की निरयन, आणि मागील आठवड्याचा कोणता कौल चुकला. हे छापले जाईपर्यंत वाचकांनी त्या सदराच्या भरवशावर एकही सही पुढे ढकलू नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.